बेळगाव-निजामुद्दीन एकच तिकीट : वाटेत पुणे आणि मथुरेला थांबता येईल का?

वडगावकर

नमस्कार मंडळी. थंडीत घरचे चौघं दिल्लीला निघायचं म्हणतोय. आई-बाबा दोघंही साठीच्या पुढचे. गाडी गोवा एक्सप्रेस (१२७७९), बेळगाव ते हजरत निजामुद्दीन, स्लीपर किंवा थ्री एसी. बेत असा की जाताना पुण्याला आक्काकडं दोन दिवस, मग मथुरा-वृंदावनला एक-दोन दिवस, मग दिल्ली. परत येताना सरळ बेळगाव.

एकाच तिकिटावर मधे उतरून पुढचा प्रवास करता येतो असं बरेच जण सांगतात. पण किती वेळा, किती दिवस, आणि मोबाइलवर असं तिकीट निघतं की स्टेशनवरच जावं लागतं, हे कुणी नीट सांगत नाही. सुटं-सुटं तिकीट काढण्यापेक्षा खरंच स्वस्त पडतं का? जाणकारांनी सांगावं.

लोंढा_जंक्शन

मथुरेला थांबता येईल. जाताना पुण्याला नाही.

रेल्वेच्या भाषेत याला ब्रेक जर्नी म्हणतात आणि नियम किलोमीटरवर चालतो. तिकीट ५०० किलोमीटरपेक्षा लांबचं हवं. सुरुवातीच्या स्टेशनापासून ५०० किलोमीटर प्रवास झाल्याशिवाय पहिला थांबा घेता येत नाही. एकूण अंतर १००० पर्यंत असेल तर एकच थांबा, त्याच्या वर असेल तर जास्तीत जास्त दोन. प्रत्येक थांबा दोन दिवसांचा, त्यात उतरायचा दिवस आणि निघायचा दिवस धरत नाहीत. म्हणजे सोमवारी उतरलात तर मंगळवार-बुधवार पूर्ण तुमचे, आणि गुरुवारी कुठल्याही वेळेची गाडी धरलीत तरी चालतं.

आता हे तुमच्या मार्गावर लावून बघा. रेल्वेनं बेळगाव ते मिरज सुमारे १३८ किलोमीटर, मिरज ते पुणे सुमारे २८०. पुणे येतं ४१७-४१८ ला. ५०० पुरे होत नाहीत, म्हणून पुणे बाद. दौंड अगदी काठावर येतं, त्याच्या भरवशावर बेत आखू नका. अहिल्यानगरपासून पुढचं कुठलंही स्टेशन निर्धास्त चालेल. मथुरा तर १८०० च्या पुढं आहे, तिथं काहीच अडचण नाही.

पण येताना हेच गणित उलटं होतं. परतीचं तिकीट निजामुद्दीन ते बेळगाव, सुरुवात दिल्लीत. पुण्यात पोचेपर्यंत तुमचे १५०० च्या वर किलोमीटर झालेले असतात. त्यामुळं परतीच्या तिकिटावर पुण्याला दोन दिवस हक्कानं थांबता येतं. आक्काकडचा मुक्काम परतीला ढकला, सगळं नियमात बसेल.

ही गल्लत आपल्याकडं कायम होते, कारण त्याच गाडीनं वास्को किंवा मडगावहून येणाऱ्यांना पुणे ५०० च्या पलीकडं पडतं. त्यांना चालतं, म्हणून आपल्यालाही चालेल असं लोक धरून चालतात. खानापूर किंवा लोंढ्याहून तिकीट काढलंत तरी जमत नाही. लोंढ्याहून पुणे साधारण ४७० होतं.

टिळकवाडी_०६

सोपा उपाय आहे की. तिकीट बेळगाव-निजामुद्दीन काढायचं आणि बोर्डिंग बदलून पुणे करायचं. आधीच्या गाडीनं पुण्याला जाऊन राहायचं आणि दोन दिवसांनी तिथून याच तिकिटावर चढायचं.

लोंढा_जंक्शन

दादा, त्यानं ब्रेक जर्नी होत नाही. बोर्डिंग बदललं की बेळगावहून त्या तिकिटावर चढायचा हक्क जातो, आणि बेळगाव-पुणे भाड्यातला एक पैसाही परत येत नाही. पुण्यापर्यंत जायला वेगळं तिकीट काढावं लागणारच. म्हणजे त्याच ४१७ किलोमीटरचे पैसे दोनदा भरले. ज्याचं तिकीट आधीच निघालंय आणि अचानक पुण्याहून चढायची वेळ आली, त्याच्यासाठी ती सोय आहे. मुद्दाम तसं तिकीट काढण्यात तोटाच.

जाताना पुणे हवंच असेल तर सरळ मार्ग हा : बेळगाव-पुणे सुटं तिकीट, आणि दोन दिवसांनंतरचं पुणे-निजामुद्दीन तिकीट मथुरेच्या ब्रेक जर्नीसह. पुण्याहून मोजलं तरी मथुरा ५०० च्या कितीतरी पुढं आहे आणि एकूण अंतर हजाराच्या वर, म्हणजे दोन थांब्यांची मुभा शिल्लक. आग्राही बघायचा असेल तर दुसरा थांबा तिथं.

आरक्षण_खिडकी

तिकीट काढायचं कसं ते सांगतो, कारण खरी फसगत तिथंच होते.

मोबाइलवर किंवा वेबसाइटवर एका वेळी एकाच गाडीचं, एकाच टप्प्याचं तिकीट निघतं. मधे थांबून पुढच्या गाडीत जागा, हे एकाच भाड्यात तिथं जमत नाही. त्यासाठी स्टेशनच्या आरक्षण खिडकीवरच जावं लागतं.

१. जायच्या आधी गाड्या पक्क्या करा. पहिला टप्पा : बेळगाव ते मथुरा, गाडी नंबर, तारीख. दुसरा टप्पा : मथुरा ते निजामुद्दीन, गाडी नंबर, तारीख. दुसऱ्या गाडीला त्या स्टेशनांवर थांबा आहे ना आणि तुमचा वर्ग तिच्यात आहे ना, हे बघून ठेवा.

२. आरक्षणाच्या फॉर्मवर वरच्या भागात पहिला टप्पा लिहायचा. खाली पुढच्या किंवा परतीच्या प्रवासासाठी वेगळी जागा असते, तिथं दुसरा टप्पा. एका फॉर्मवर सहा नावं बसतात. फॉर्मच्या डोक्यावर ठळक लिहा : ब्रेक जर्नी मथुरा, तिकीट निजामुद्दीनपर्यंत.

३. फॉर्म आत सरकवतानाच तोंडानंही सांगा. गर्दीच्या वेळी खिडकीवरचा माणूस सवयीनं दोन सुटी तिकिटं काढून देतो. एकदा छापलं की रद्द करायला कापणी लागते.

४. खिडकी सोडण्याआधी तिकीट वाचा. भाडं निजामुद्दीनपर्यंतच्या पूर्ण अंतराचं एकदाच लागलेलं हवं. आरक्षण शुल्क मात्र प्रत्येक गाडीचं वेगळं लागतं : स्लीपरला माणशी २० रुपये, थ्री एसीला ४०. ते दोनदा दिसलं म्हणून वाद घालू नका, ते बरोबर आहे.

आता तारखांचं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पासून, त्याआधी १२० होते). पहिल्या टप्प्याची तारीख उघडली त्या सकाळी आठला तुम्ही खिडकीवर पोचलात, तरी दुसऱ्या टप्प्याची तारीख चार-पाच दिवस पुढची, ती अजून उघडलेलीच नसते. दोन्ही एकत्र काढायचं म्हणजे शेवटच्या टप्प्याची तारीख उघडेपर्यंत थांबणं आलं, आणि तेवढ्या दिवसांत पहिल्या गाडीच्या जागा भरत जातात. सुट्टीच्या दिवसांत याचा फार फटका बसतो. बेळगाव हे मधलं स्टेशन, त्यामुळं आपल्या वाट्याचा कोटा आधीच लहान.

म्हणून माझं मत : दिवाळी, नाताळ, मे महिना असेल तर ब्रेक जर्नीचा हट्ट सोडा. सुटी तिकिटं काढा आणि जागा पक्की करा. एरवी खुशाल काढा.

घटप्रभा_पूल

भाड्याचं गणित जोडतो.

रेल्वेचं भाडं सरसकट किलोमीटरला अमुक असं नसतं. अंतर वाढत जाईल तसा पुढच्या किलोमीटरचा दर उतरत जातो. त्यामुळं २००० किलोमीटरचं एक तिकीट हे १८७० आणि १३४ किलोमीटरच्या दोन तिकिटांपेक्षा स्वस्तच पडतं. त्यात किमान अंतराचा नियम आहे : स्लीपरला निदान २०० किलोमीटरचं आणि थ्री एसीला ३०० किलोमीटरचं भाडं घेतातच. मथुरा-निजामुद्दीन जेमतेम १३४. सुटं थ्री एसी काढलंत तर १३४ साठी ३०० चे पैसे. शिवाय गाडी सुपरफास्ट असेल तर तो अधिभार पुन्हा : स्लीपरला ३०, थ्री एसीला ४५.

पण सल्ला असा की मथुरा-दिल्लीसाठी एवढा खटाटोप करू नये. दिवसाचा, दोन-अडीच तासांचा प्रवास. तिकीट बेळगाव ते मथुरा एवढंच काढा, मथुरेहून सेकंड सिटिंग नाहीतर चेअर कारचं वेगळं घ्या. सेकंड सिटिंगचं भाडं अगदी थोडं असतं आणि मथुरेत एक दिवस जास्त रमलात तरी काही बिघडत नाही. ब्रेक जर्नीचा खरा फायदा थांब्याच्या दोन्ही बाजूंचे टप्पे लांब असतात तेव्हा. भोपाळ किंवा झाशीला उतरून पुढं दिल्ली, किंवा परतीला पुणे. पुणे-बेळगाव सुट्या तिकिटाचे ४१७ किलोमीटर वरच्या दरानं मोजले जातात, तेच लांब तिकिटाच्या शेपटीला आले की खालच्या दरानं. चार माणसांत ती बचत दिसते.

आई-बाबांसाठी एक. साठीच्या वरचे पुरुष आणि पंचेचाळिसच्या वरच्या बायकांसाठी लोअर बर्थचा वेगळा कोटा आहे, पण तिकिटावर असे एक किंवा दोघंच असतील तरच तो लागतो. चौघांचं एकच तिकीट काढलंत तर हा कोटा मिळत नाही. त्या दोघांचं तिकीट वेगळं काढा, ब्रेक जर्नी दोन्ही तिकिटांवर सारखी लिहून घ्या. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे, ती हिशेबात धरू नका.

वडगावकर

फार मदत झाली. मग बेत बदलतो. जाताना बेळगाव-मथुरा सरळ, मथुरा-दिल्ली सुटं, आणि परतीला निजामुद्दीन-बेळगाव तिकिटावर पुण्याचा थांबा. हे परतीचं तिकीट बेळगावच्या खिडकीवर मिळेल ना? आणि पुण्यात उतरल्यावर काय करायचं असतं?

आरक्षण_खिडकी

मिळेल. कुठल्याही संगणकीकृत खिडकीवरून कुठल्याही स्टेशनापासूनचं तिकीट निघतं. दोन टप्पे : १२७८० निजामुद्दीन ते पुणे, आणि तुमच्या सोयीची गाडी पुणे ते बेळगाव. दुसरा टप्पा पुन्हा गोवा एक्सप्रेसचाच असायला हवा असं नाही. पुणे-मिरज-बेळगाव मार्गानं जाणारी आणि त्याच वर्गाची मेल किंवा एक्सप्रेस चालते. मार्ग तोच हवा, तेवढं बघा. वंदे भारतचं तिकीट यात मिसळायला जाऊ नका, ते वेगळंच काढा. राजधानी, शताब्दी, जनशताब्दीला तर ब्रेक जर्नी लागूच नाही.

पुण्यात उतरलात की फाटकातून बाहेर पडण्याआधी तिकीट तपासनीस किंवा स्टेशन मास्तरांच्या कचेरीत जा आणि तिकिटावर शेरा मारून घ्या. स्टेशनचा कोड, तारीख, सही, एवढं असलं की झालं. तिकीट हातातून सोडायचं नाही, प्रवास संपला असं समजून कुणी मागितलं तरी ब्रेक जर्नी आहे म्हणून सांगायचं. हा शेरा लोक कंटाळा करून टाळतात आणि पुढच्या गाडीत अडकतात. पुढच्या टीटीईला तुम्ही कधी उतरलात, दोन दिवसांच्या आत निघालात की नाही, हे कळायला तिकिटावर दुसरं काहीच नसतं. कागदाची एक छोटी चूक आणि आई-बाबांसमोर डब्यात वाद, नको ते.

कागदी तिकीट भिजू, फाटू देऊ नका. पाकिटात घडी घालून ठेवलं की शाई पुसट होते, प्लास्टिकच्या पाऊचमध्ये सपाट ठेवा. मोबाइलवर फोटोही काढून ठेवा, पण फोटो दाखवून खिडकीवरच्या तिकिटाचं काम भागत नाही.

खानापूरची_माई

हाच नियम आपल्या रोजच्या मार्गांना लावला तर काय निघतं? बेळगावहून मुंबई, बेंगळूर, तिरुपती. पुष्कळ जणांचा प्रश्न तोच असतो.

लोंढा_जंक्शन

माई, थोडक्यात सांगतो. बहुतेक ठिकाणी निराशाच आहे.

मुंबई सुमारे ६०० किलोमीटर, त्यामुळं तिकीट पात्र, थांबा एकच. पण पुणे ४१७ ला आणि लोणावळा ४८१ च्या आसपास, दोन्ही बाद. कल्याण चालतं, पण कल्याणला थांबायचं कुणाला असतं? दादरहून परत येताना मिरज साधारण ४६० ला, तेही बाद. दवाखान्यासाठी मिरजेला उतरायचं असेल तर मिरजेपर्यंतचंच तिकीट काढा आणि पुढचं वेगळं.

बेंगळूर सुमारे ६१०. इथून जाताना हुबळी, दावणगेरे, अरसीकेरे सगळी ५०० च्या आत. तुमकूर चालतं. बेंगळूरहून येताना हुबळी ४६९, धारवाड ४९० च्या आसपास, म्हणजे दहा किलोमीटरनं हुकतं. लोंढा मात्र बसतं. दांडेलीकडं वळणाऱ्यांना किंवा खानापूर तालुक्यात आधी उतरणाऱ्यांना ते उपयोगी आहे.

तिरुपतीला हरिप्रिया एक्सप्रेसनं जाताना हंपीसाठी होसपेटला उतरायची फार जणांची इच्छा असते. होसपेट बेळगावहून तीनशेच्या आत आणि तिरुपतीहूनही पाचशेच्या आत. जाताना नाही, येताना नाही. दोन तिकिटंच काढा.

गुजरात-राजस्थानकडं जाणाऱ्या, पुणे-वसई मार्गाच्या गाड्यांना मात्र छान जमतं. सुरत, वडोदरा, अहमदाबाद सगळं ५०० च्या पुढं.

अंतर स्वतः काढायचं तर गाडीच्या वेळापत्रकात प्रत्येक स्टेशनासमोर किलोमीटर असतात. त्यातून चढायच्या स्टेशनाचा आकडा वजा करा. तिकिटावर छापलेल्या किलोमीटरवर मात्र विसंबू नका. काही मार्गांवर भाड्यासाठी अंतर वाढवून धरतात, कोकण रेल्वेवर ४० टक्के. ब्रेक जर्नीला प्रत्यक्ष अंतर लागतं. मडगावहून कोकण रेल्वेनं वर जाणाऱ्यांची इथं हमखास चूक होते.

चिकोडी_रोड

मिरजेला गाडी बदलून कोल्हापूरला जाताना काय? बेळगाव-कोल्हापूर एकच तिकीट असेल आणि मिरजेत चार तास थांबावं लागलं तर तो ब्रेक होतो का? अंतर दोनशेच्या आतच आहे.

घटप्रभा_पूल

नाही होत. पुढची गाडी पकडण्यासाठी जंक्शनवर थांबणं, ते २४ तासांच्या आत असेल तर ब्रेक जर्नी धरत नाहीत. किलोमीटरची अटही तिथं नाही. पण मिळणारी गाडी सोडून गावात कामं उरकून संध्याकाळच्या गाडीनं गेलात, तर तो जोडगाडीसाठीचा थांबा राहत नाही. तेव्हा मिरज-कोल्हापूर ४८ किलोमीटरचं जनरल तिकीट वेगळं घ्या, किती ते पैसे.

जनरल तिकिटाची आणखी एक अट लक्षात असू द्या. २०० किलोमीटरच्या आतलं तिकीट घेतल्यापासून तीन तासांत किंवा पहिल्या गाडीनं प्रवास सुरू करावा लागतो. सकाळी काढून ठेवलेलं संध्याकाळी चालत नाही. २०० च्या पुढचं मात्र तीन दिवस आधी काढून ठेवता येतं.

आणि दोन वेगळी आरक्षित तिकिटं असतील, पहिली गाडी उशिरा येऊन दुसरी चुकेल अशी भीती असेल, तर दोन्ही पीएनआर जोडून घ्या. एप्रिल २०१९ पासून ही सोय आहे. दोन्हीवरचे प्रवासी तेच हवेत आणि पहिल्याचं उतरायचं स्टेशन तेच दुसऱ्याचं चढायचं हवं. नावात एका अक्षराचा फरक असला तरी जोडणी अडते. जोडलेलं असेल आणि पहिल्या गाडीच्या उशिरामुळं दुसरी चुकली, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे कापणी न होता परत मिळतात. खिडकीवरचं तिकीट असेल तर पहिली गाडी प्रत्यक्ष पोचल्यापासून तीन तासांत ते त्याच स्टेशनवर जमा करावं लागतं.

वडगावकर

आमच्या वाड्यातली काही मंडळी काशी, प्रयागराज, अयोध्या असं फिरून परत बेळगावला यायचं म्हणताहेत. त्यांना दोन थांबे पुरणार नाहीत.

आरक्षण_खिडकी

त्यांच्यासाठी गोल प्रवासाचं तिकीट, सर्क्युलर जर्नी. निघायचं आणि परतायचं स्टेशन एकच, आणि मधे आठपर्यंत थांबे. भाडं काढताना एकूण अंतराचे दोन समान भाग करतात आणि तेवढ्या अंतराच्या दोन एकेरी प्रवासांचं भाडं लावतात, त्यामुळं सुट्या तिकिटांच्या मानानं बरंच कमी पडतं.

हे थेट खिडकीवर मिळत नाही. मार्ग, थांब्यांची स्टेशनं, वर्ग आणि माणसं असा अर्ज लिहून स्टेशन मास्तरांकडं द्यायचा. भाड्याचा हिशेब विभागाच्या वाणिज्य कचेरीत होतो, आपल्यासाठी ती हुबळीला. तिथून मंजुरी आली की तिकीट घ्यायचं, आणि मग ते तिकीट दाखवून प्रत्येक गाडीचं आरक्षण वेगवेगळं करायचं. मंजुरीला वेळ लागतो आणि आरक्षणाची ६० दिवसांची मुदत कुणासाठी थांबत नाही. म्हणून मंडळींना म्हणावं, प्रवासाच्या तीन महिने आधी अर्ज टाका. अर्जात प्रत्येक टप्प्याला गाडीचा नंबर आणि मार्ग लिहा. नुसतं बेळगाव, प्रयागराज, काशी, बेळगाव एवढंच लिहिलं तर कुठल्या मार्गानं हे विचारायला अर्ज परत येतो आणि पंधरा दिवस त्यातच जातात.